अटक न झाल्याचा दाखला

जुळे सोलापुरातल्या 'सौजन्य विहार' सहकारी गृहनिर्माण संस्थेत जातपात अजिबात मानली जात नाही. तशी पाटीच फाटकावर लावलेली आहे. पाटीची पहिली ओळ 'येथे सर्वधर्मसमभाव पाळला जातो' अशी असून दुसरी ओळ 'विक्रेते, अनोळखी इसम व भटकी कुत्री यांस सक्त मनाई' अशी आहे. संस्थेत चाळीस फ्लॅट, एक गणपतीचं देऊळ, एक बोअर आणि एक सचिव आहेत. बोअर उन्हाळ्यात बंद पडते. सचिव बारा महिने चालू असतात.

या संस्थेतला बी विंगमधला तळमजल्याचा फ्लॅट भाड्यानं घ्यावा असं संघपाल शिवशरण याच्या मनात आलं आणि इथूनच प्रकरणाला सुरुवात झाली. संघपालचं वय शेहेचाळीस. एका महाविद्यालयात तो ग्रंथपाल होता. 'शांतता राखा' ही पाटी वीस वर्षं डोक्यावर असल्यामुळे ती त्याच्या स्वभावातच उतरली होती. बायको बुद्धप्रिया सरकारी दवाखान्यात परिचारिका. आई नागूबाई चौऱ्याहत्तर वर्षांची आणि गुडघ्यांनी दगा दिलेली. सध्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गेल्या दिवाळीपासून नागूबाईचे पाय मातीला लागले नव्हते. गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून ती भाजी वर ओढून घ्यायची आणि भाजीवालीशी तिथूनच ओरडून गप्पा मारायची.

"आरं संघा, एकदा खाली उतरीव मला," ती म्हणायची. "उंबऱ्यावर उनात बसू दे. मेल्यावर समदेच खाली उतरिवत्यात, जित्तेपणी उतरीव."

एवढ्यासाठी घर हवं होतं. अकरा घरं बघून झाली होती. त्यातली नऊ घरं संघपालनं नाव सांगेपर्यंत रिकामी होती.

बारावं घर हे सौजन्य विहारमधलं, नवनाथचं. नवनाथ मूळचा माढ्याचा, पोटापाण्यासाठी पुण्याला गेलेला, फ्लॅट तेवढा सोलापुरात. तो फोनवर मोकळेपणानं म्हणाला, "सर, मला कोण राहतंय याचं काय बी न्हाय. माणूस बरा पाहिजे, बास. फक्त सचिवांची ना हरकत तेवढी घ्या."

सचिव म्हणजे रावजी. एका सरकारी कचेरीतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरातलं मीठ संपलं तरी ते पत्नीला आधी टिपणी सादर करायला लावत, अशी वदंता होती. त्यांनी संघपालला समोर बसवलं आणि कोरा अर्ज पुढं ओढला.

जात विचारणं असभ्यपणाचं, शिवाय कायद्याच्या कचाट्यात नेणारं, हे रावजी जाणून होते. म्हणून ते जात कधीच विचारत नसत. जातीच्या चारी बाजूंनी विचारत आणि मधली जागा आपोआप भरू देत.

"पूर्ण नाव?"

"संघपाल धोंडिराम शिवशरण."

रावजींचं पेन संघपालपाशी थबकलं आणि शिवशरणपाशी घुटमळलं. या आडनावाची माणसं गावाच्या वेशीच्या दोन्ही बाजूंना सापडतात, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

"शिवशरण म्हणजे आमचे कोषाध्यक्ष बसूअण्णा आहेत, त्यांच्यापैकी का?"

"नाही."

"मग?"

"मग मी ग्रंथपाल आहे."

"ते झालंच हो. मूळ गाव?"

"करमाळा तालुक्यात."

"गावात घर कुठं? म्हणजे देवळाच्या अंगाला, की जरा ओढ्यापलीकडं?"

"शाळेच्या मागं."

"असं. आणि देव्हारा कुठल्या भिंतीला लावणार? वास्तूच्या दृष्टीनं विचारतो, गैरसमज नको."

"देव्हारा नाही लावणार."

रावजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. चौकशी पूर्ण झाली होती आणि त्यांनी जात विचारली नव्हती. "दोन दिवसांत कळवतो," ते म्हणाले.

त्या दोन दिवसांत कार्यकारिणीची तातडीची सभा झाली आणि ठराव क्रमांक सतरा एकमतानं मंजूर झाला. 'संस्थेतील महिला, ज्येष्ठ नागरिक व दुचाकी वाहने यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने यापुढील प्रत्येक भाडेकरूच्या अटक-अभिलेखाची पडताळणी करण्यात यावी.' नियम सर्वांना सारखाच लागू होता. त्या महिन्यात सर्वांमध्ये एकटा संघपालच होता, एवढंच.

"यात तुमचं काही नाही हं, शिवशरण," रावजी म्हणाले. "उद्या एखादा पाटील जरी आला तरी त्यालाही मागणार."

"आणि जे आधीच राहतात ते?"

"ते ओळखीचे आहेत."

संघपालनं खिशातून पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा कागद काढला. कॉलेजात रुजू होताना घेतलेला, प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेला. रावजींनी तो दोन बोटांनी परत केला. "हा नोकरीसाठीचा. घरासाठी चारित्र्य वेगळं लागतं." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "घाबरू नका. हल्ली अटक झालेल्यांची यादी सार्वजनिक असते. पोलिसांच्या संकेतस्थळावर कुणीही बघावी. पाच मिनिटांचं काम आहे."

त्यांनी लॅपटॉप उघडला. संकेतस्थळानं जिल्हा विचारला, पोलीस ठाणं विचारलं, तारीख विचारली. नाव मात्र कुठं विचारलं नाही.

"अटक कधी झाली होती?" रावजींनी विचारलं.

"झालेलीच नाही."

"ते कळलं हो. पण तारीख टाकल्याशिवाय हे पुढं सरकत नाही. अंदाजे सांगा."

"न झालेल्या अटकेची अंदाजे तारीख?"

"बरं, वर्ष तरी?"

शेवटी असं ठरलं की शोध अर्जदारानं स्वतः घ्यावा. गेल्या दहा वर्षांचा, शहरातल्या सगळ्या ठाण्यांचा. संकेतस्थळ एका वेळी सात दिवसांचीच यादी दाखवायचं आणि दर वेळी वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावून तुम्ही माणूसच आहात ना, याची खात्री करून घ्यायचं. बाकी कुणी संघपालला हा प्रश्न इतक्या सरळ विचारला नव्हता, त्यामुळं त्याला त्याचा राग आला नाही.

तो पाच आठवडे रोज कॉलेज सुटल्यावर बसला. यादीत तो कुठंच नव्हता. ग्रंथपालाच्या शिस्तीनं त्यानं सगळ्या याद्या छापल्या, तारीखवार लावल्या, कापडी बांधणी केली, शेवटी नावांची सूची जोडली आणि दोन हातांनी उचलावा लागणारा तो ग्रंथ रावजींच्या घरी भरलेल्या रविवारच्या सभेत कार्यकारिणीपुढं ठेवला. सूचीत 'स' खाली संघपाल नव्हता. तेवढं एक पान बघितलं असतं तरी काम झालं असतं.

पण कार्यकारिणीनं 'अ'पासून सुरुवात केली. "अरे, हा आपला गॅसवाला!" "हा तर माझ्या साडूचा शेजारी!" चहा दोनदा झाला. बायका स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सर्वजण इतके एकजीव झालेले संस्थेनं गणेशोत्सवातही पाहिले नव्हते. अशात 'ब'वर कुणाचं तरी बोट थांबलं. तिथं बसूअण्णा होते. कोषाध्यक्ष. जुगार अड्ड्यावर छापा, सात जणांत चौथे.

बसूअण्णा मुळीच गडबडले नाहीत. "ए, ते श्रावणातलं हो! श्रावणात पत्ते नाही खेळलं तर पाप लागतंय आमच्यात. पोलिसाला धर्म कळत नाही, त्याला मी काय करू?"

हे सर्वांना पटलं. अण्णांची अटक ही सांस्कृतिक अटक आहे आणि सार्वजनिक नोंद असली म्हणून ती उगाच सार्वजनिक करत बसणं शोभत नाही, असं सभेचं मत पडलं. अण्णांनी लगेच पुढचा विषय घेण्याची सूचना केली. पुढचा विषय संघपाल होता.

"तुमचं नाव यात सापडलं नाही, हे खरं," रावजी म्हणाले. "पण सापडलं नाही म्हणजे नाही, असं होत नाही. शिवाय स्वतःचं नाव स्वतः शोधायचं म्हणजे हितसंबंध आड येतात. तुम्ही असं करा, पोलीस ठाण्यातूनच लिहून आणा. अटक झालेली नाही, असा दाखला."

ग्रंथ मात्र त्यांनी संदर्भासाठी ठेवून घेतला. पुढं महिनाभर त्याला प्रतीक्षायादी होती.

पोलीस ठाण्यात कारकुनी हवालदार बिरुदेव सांभाळत. धनगरी मिशा, डोळे मात्र मवाळ. अर्ज वाचून त्यांनी तो उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"सर, अटक झाली आसती तर पाच मिन्टात नक्कल दिली आसती. न झालेल्याचं रजिस्टरच न्हाय हितं."

"ठेवता येणार नाही?"

"ठिवायचं म्हणलं तर अख्ख्या सोलापूरचं नाव लिवावं लागंल की. आन् रोज त्यातली चार नावं खोडावी लागतील."

संघपाल चार वेळा गेला. पाचव्या वेळी बिरुदेवांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, "सर, एक सांगा. ह्ये कागदाचं एवढं कशापायी?"

संघपालनं आईचं सांगितलं. गॅलरी, दोरी, पिशवी, सगळं. बिरुदेव खाली बघत ऐकत राहिले. त्यांची आई मंगळवेढ्याकडं गावी होती आणि तीही गुडघ्यांनीच अडकली होती. माणसाला दुसऱ्याची कणव येते तेव्हा तो कधीकधी नियमात वाट शोधायला लागतो आणि अनर्थ बहुधा त्याच वाटेनं येतो.

"एक हाय," ते म्हणाले. "सरकारात रकाना रिकामा ऱ्हात न्हाय. काय नसलं तर आमी निरंक लिवतो. निरंक लिवलं की नसल्याचा बी पुरावा हुतो."

त्यांनी अटकेची नोंदवही उघडली आणि अनुक्रमांक दोनशे चौदावर सुरेख अक्षरात लिहिलं: संघपाल धोंडिराम शिवशरण. वय शेहेचाळीस. गुन्हा, निरंक. कलम, निरंक. अटक करणारा अधिकारी, निरंक. अटकेचं कारण, निरंक. सुटकेची तारीख व वेळ, निरंक. मग नक्कल काढली, तारीख घातली, गोल शिक्का मारला आणि फुंकर घालून वाळवला.

"घ्या सर. आता सरकारी शाईत लिवलंय, तुमी कायबी केलेलं न्हाय."

संघपालला तो कागद वाचून खरोखर आनंद झाला. शेहेचाळीस वर्षं त्यानं काही केलं नव्हतं, पण सरकारनं ते मान्य केल्याची ही पहिलीच वेळ. त्यानं जाता जाता नक्कल रावजींच्या हातात दिली आणि घरी जाऊन आईला सांगितलं. नागूबाईनं त्याच दुपारी आपली लुगडी गाठोड्यात बांधली.

इकडं दिवसभराच्या नोंदी संकेतस्थळावर चढवायचं काम कंत्राटी ऑपरेटर वैष्णवीकडं होतं. दोनशे चौदाव्या नोंदीवर ती अडली. संगणक गुन्ह्याच्या रकान्यात 'निरंक' घेईना. रकाना लाल व्हायचा आणि 'कृपया योग्य गुन्हा निवडा' अशी विनंती करायचा. निवडीला बासष्ट गुन्हे होते. 'काही नाही' हा त्यात नव्हता, कारण काही न करणाऱ्याला अटक होईल अशी शंका यंत्रणा बनवणाऱ्याला आली नव्हती. वैष्णवीची सहाची शेवटची बस होती. तिनं यादी खालपर्यंत सरकवली आणि शेवटचा पर्याय निवडला. 'इतर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी यादी घेऊन बसले होते. ग्रंथ चाळल्यापासून त्यांना ती गोडी लागली होती. पूर्वी चहाबरोबर वर्तमानपत्र लागे, आता यादी. शिवाय आज त्यांच्याकडं नकलेवरची तारीख होती. त्यांनी ती टाकली आणि संकेतस्थळ पहिल्याच फटक्यात पुढं सरकलं.

"बघा," ते पत्नीला म्हणाले, "तारीख असली की सापडतं."

नऊ वाजून दहा मिनिटांनी ते पान 'सौजन्य परिवार' या ग्रुपवर पडलं. 'इतर' या शब्दावर दुपारपर्यंत चर्चा चालली. पहिल्या मजल्याच्या मते तो ऑनलाइन फसवणुकीचा प्रकार असावा. दुसऱ्या मजल्याला बाईची भानगड दिसली. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापिका राहत. त्यांनी लिहिलं की ग्रंथालयात बरंच काही चालतं. बसूअण्णांनी सर्वांत मुद्देसूद विचार मांडला: 'इतर म्हणजे साधं प्रकरण नाही. साधं असतं तर नाव लिहिलं असतं. माझं बघा, स्वच्छ लिहिलंय, जुगार.'

संध्याकाळी संघपाल ना हरकत न्यायला आला, तो सरळ या चर्चेत.

"साहेब, नक्कल वाचा ना. गुन्हा निरंक आहे."

"वाचली. नक्कल कुठल्या वहीची आहे?"

"अटकेच्या."

"त्या वहीत तुमचं नाव आहे की नाही?"

"आहे, पण..."

"पण काय ते गुन्ह्याचं. मी अटकेबद्दल बोलतोय." रावजींनी चष्मा काढला. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. तसं वाटून घेण्याची त्यांना सवय होती. "शिवशरण, आम्ही जात मानत असतो तर तुम्हाला पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं. आम्ही पुराव्याची वाट बघितली."

नवनाथला फोन केला. तो घुटमळत म्हणाला, "सर, देवाशपथ मला काय वाटत न्हाय. पण मला त्या ग्रुपात ऱ्हायचंय की."

संघपाल पुन्हा पोलीस ठाण्यात गेला. बिरुदेवांनी संकेतस्थळ बघून कपाळाला हात लावला.

"खोडता येत न्हाय, सर. नाव काढायचं तर कोर्टाचा निर्दोष निकाल लागतो. निकालाला खटला लागतो. खटल्याला गुन्हा लागतो."

"आणि गुन्हा नाही."

"न्हाय ना! तीच तर पंचाईत. तुमी कायतरी केलं आसतं तर सोडवता आलं आसतं." मग त्यांनी आवाज उतरवला. "आन् आणखी एक झालंय. महिन्याचा तक्ता वर गेला. अटक दोनशे चौदा, सुटका आन् जेल मिळून दोनशे तेरा. वरनं फोन आला, एक आरोपी कुटं हाय?"

"कोण?"

"तुमी, सर. कागदावर तुमी अजून आतच हाय."

वरच्या साहेबांची तपासणी गुरुवारी सकाळी अकराला होती. कोठडीतली डोकी आणि कागदावरचे आकडे जुळवून बघणार होते. बिरुदेवांची नोकरीची तीन वर्षं उरली होती. त्यांनी हात जोडले. "दोन तास येऊन बसता का, सर? तपासणी झाली की लगीच सुटका लिवतो. तारीख, येळ, सही, समदं. तुमचा कागुद बी पुरा हुईल."

हे ऐकून दुसरा एखादा उठून गेला असता. पण संघपाल ग्रंथपाल होता. वहीत असलेलं पुस्तक कपाटात नसलं तर तपासणीच्या दिवशी ते कुठून तरी आणून उभं करावंच लागतं, हे त्याला कळत होतं. त्यानंही ते केलेलं होतं.

बुद्धप्रिया मात्र भडकली. "अहो, त्यांना कागद नकोच आहे. एवढं शिकून तुम्हाला एवढंही कळू नये?"

"कळतं गं," संघपाल म्हणाला. "पण एकेक कागद पुरा होत गेला, की शेवटी त्यांच्याकडं मागायला काही उरणार नाही. मग त्यांना खरं कारण तोंडानं सांगावं लागेल. मला एकदा ते ऐकायचंय."

गुरुवारी तिनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून दिली आणि संघपाल अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून कोठडीत हजर झाला.

आत एकच माणूस होता. बिरप्पा, अक्कलकोटकडचा, विहिरीवरची मोटर चोरल्याच्या संशयावरून आणलेला. संघपाल दाराशी अवघडून उभा राहिला. पाच महिन्यांच्या सवयीनं त्यानं पूर्ण नाव सांगायला तोंड उघडलं, पण बिरप्पा आधीच बाजूला सरकला होता.

"बर्री अण्णा, बर्री, या. तितं नको, तितं वल हाय. हितं बसा." त्यानं आपली सतरंजी अर्धी उलगडून दिली. "जेवलाव का?"

संघपालला रडू येत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. अकरा घरं आणि एक सौजन्य विहार फिरल्यावर या शहरात त्याला कुणीतरी बसायला जागा दिली होती, तीही गाव न विचारता. दोघांनी भाकरी वाटून खाल्ली. चटणी तिखट आहे, असं बिरप्पा म्हणाला. घरची आहे, असं संघपाल म्हणाला.

साहेब साडेअकराला आले. त्यांनी गजांतून डोकी मोजली, तक्त्यावर खूण केली आणि संघपालकडं बोट दाखवलं. "याचा गुन्हा काय?"

"इतर, साहेब," बिरुदेव म्हणाले.

साहेबांनी संघपालला खालीवर न्याहाळलं. "हं. बघितल्यावरच वाटतं."

एक वाजून वीस मिनिटांनी संघपालची सुटका झाली. बिरुदेवांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे सगळे रकाने भरले आणि फाटकापर्यंत सोडायला आले. संघपालचा कागद अखेर पुरा झाला होता. पुढच्या रविवारी तो घेऊन तो सौजन्य विहारच्या सभेत उभा राहिला. त्याला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची आणि कागदी पेल्यात पाणी देण्यात आलं. बाकीचे स्टीलच्या पेल्यातून पीत होते.

रावजींनी कागद मोठ्यानं वाचला. "सुटका, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. छान. म्हणजे आता शंकेला जागाच राहिली नाही. सुटका झाली त्या अर्थी अटक होती."

"साहेब," संघपाल उठून उभा राहिला, "याद्या आणल्या, दाखला आणला, सुटकाही आणली. आता मागण्यासारखं काही उरलेलं नाही. एकदाच तोंडानं सांगा, घर का देत नाही?"

त्याचा आवाज चढला नव्हता. तरी बसूअण्णा पंख्याकडं बघायला लागले. निवृत्त प्राध्यापिकेनं फोन उघडला. स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून चमचा पडला, तो कुणी उचलला नाही. रावजींच्या ओठांची हालचाल झाली आणि क्षणभर वाटलं, की आता ते म्हणतात. मग त्यांनी कारकुनी हातानं इतिवृत्ताची वही पुढं ओढली.

"नोंद घ्या," ते म्हणाले, "अर्जदाराने सभेत असभ्य प्रश्न विचारला. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

फ्लॅट पंधरवड्यात बसूअण्णांच्या पुतण्याला गेला. ठराव क्रमांक सतरा त्यालाही लागू होता आणि संस्थेनं पडताळणी करण्याचं मनावरही घेतलं होतं. परंतु त्याला अटक कधी झाली होती, ती तारीख कुणालाच माहीत नसल्यामुळे संकेतस्थळ पुढं सरकलं नाही.

नागूबाईनं गाठोडं सोडलेलं नाही. संघपाल अजून घर शोधतो आहे. तळमजला हवा, बाकी अट नाही. तुमच्या इमारतीत एक फ्लॅट रिकामा असल्याचं त्याच्या कानावर आलंय, तेव्हा या रविवारी तो तुमच्याकडं येईल. तुम्ही सगळी हकीकत वाचलेली आहे, रावजींचा तुम्हाला संतापही आलेला आहे, त्यामुळं तुमची काही हरकत असण्याचा प्रश्न येत नाही. फक्त खबरदारी म्हणून, घरात बायकामुलं आहेत म्हणून, ते 'इतर' नक्की काय होतं हे एकदा आपल्या डोळ्यांनी बघून घ्यावं, असं तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. म्हणूनच या गोष्टीत अटकेची ती तारीख कुठंही लिहिलेली नाही.